घोषवाक्यं मागवणाऱ्या खात्यांना, एका छापखान्यातून

प्रति,
घोषवाक्य स्पर्धा भरवणारे, त्यातली घोषवाक्यं निवडणारे आणि ती गावोगावच्या भिंतींवर रंगवून घेणारे शासकीय खात्यांचे, जिल्हा परिषदांचे व नगरपालिकांचे अधिकारी आणि परीक्षक

सप्रेम नमस्कार.

तालुक्याच्या गावी माझा छापखाना आहे. वडिलांच्या काळात खिळे जुळवून ट्रेडलवर छपाई व्हायची, आता संगणक आणि फ्लेक्सचं मशीन आहे. गिऱ्हाईक मात्र तेच. लग्नपत्रिका, बारशाचं आमंत्रण, दशक्रियेचं कार्ड, दादांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स, पतसंस्थेचा अहवाल, आणि वर्षातून ठरलेल्या वेळी तुमच्या अभियानांचे फलक. मजकूर घेऊन येणारा माणूस काउंटरवर कागद ठेवतो आणि हमखास म्हणतो, "जरा यमक जुळवून द्या ना, बरं दिसेल." त्यामुळे कविता एकही न छापता मी आयुष्यभर यमकाच्याच धंद्यात आहे. त्या अधिकाराने हे पत्र.

परवा एका कार्यालयातून फलकांचा मजकूर आला. "स्वच्छतेचा ध्यास, निर्मळ श्वास, गावाचा विकास." ओळखीचा वाटला म्हणून जुनी फाइल उघडली. आदल्या वर्षी दुसऱ्या एका खात्याचं होतं, "जलसंधारणाचा ध्यास, हिरवा श्वास, गावाचा विकास." दोन शब्द बदलले, प्रूफ तयार. माझं काम हलकं झालं, मी कशाला कुरकुर करू? पण ध्यास, श्वास आणि विकास ही तिकडी आता शिक्षण, आरोग्य, वीजबचत, वाचन, सगळीकडे फिरते आहे. तिच्या जोडीला मान-शान-सन्मान आहे, वसा-ठसा आहे. तुमच्या स्पर्धांच्या जाहिराती मीच छापतो, तेव्हा अटीही पाठ आहेत: घोषवाक्य दहा शब्दांच्या आत असावे, यमक जुळणारे असावे, अभियानाचे नाव त्यात यावे. या तीन अटी एकत्र आल्या की दुसरं काही निघणारच नाही.

यावर काही सुशिक्षित मंडळी म्हणतात, यमकच काढून टाका, पोरकट वाटतं. मला ते मुळीच पटत नाही. यमकाने या राज्यात पुष्कळ काम केलं आहे. ते कसं केलं, एवढं जरा बघू या.

"पाणी अडवा, पाणी जिरवा" घ्या. कडक परीक्षक असेल तर यमकाचे गुण कापील, कारण जुळतो तो फक्त शेवटचा 'वा'. तरी हे वाक्य गावागावांत बसलं. मात्रा मोजा, ऱ्हस्व अक्षराची एक, दीर्घाची दोन. पाणी चार, अडवा चार. पाणी चार, जिरवा चार. आठला आठ. "झाडे लावा, झाडे जगवा" मोजा, तिथेही आठला आठच येतात. लावा आणि जगवा यांची अक्षरं कमीजास्त असली तरी वजन सारखं आहे. म्हणून प्रभातफेरीत गुरुजी पहिला अर्धा ओरडले की चौथीची पोरं दुसरा अर्धा पावलावर पाऊल टाकत ओरडतात, एकाचीही जीभ अडखळत नाही. लिहिणाऱ्याने मात्रा मोजल्या असतील असं नाही. त्याने ते मोठ्याने म्हणून पाहिलं असणार, एवढं नक्की.

शिवाय यमक पडलं आहे ते कामावर. अडवणे म्हणजे उतारावर समतल चर खणणे, नाल्याला बांध घालणे. जिरवणे म्हणजे ते पाणी जमिनीच्या पोटात जाऊ देणे, की खालच्या विहिरींना पाझर फुटावा. आधी अडवायचं, मग जिरवायचं, हा क्रमसुद्धा त्यात आला. झाडांच्या वाक्यात तर दुसरा अर्धा पहिल्याला टोचतो: रोप लावून फोटो काढून निघालात, जगवणार कोण? पाणलोटाच्या कामातले लोक "माथा ते पायथा" म्हणतात. टेकडीच्या डोक्यावरून कामाला सुरुवात करा आणि उतरत खाली या. खालचा बांध आधी घातला आणि वरची माती मोकळीच राहिली, तर पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यातच तो गाळाने भरतो. इंजिनिअरने पानभर लिहायची गोष्ट तीन शब्दांत आली, आणि यमक पडलं ते नेमकं कामाच्या दोन टोकांवर.

आता यातलं एखादं वाक्य साक्षरतेच्या भिंतीवर नेऊन लावा. लागत नाही. ध्यास-श्वास कुठेही लागतो. परीक्षकांनी बाकी काही नाही केलं आणि एवढंच करून पाहिलं, तरी निम्म्या प्रवेशिका बाद होतील. आणि बाद झालेल्यांत मागच्या वर्षीची पहिल्या क्रमांकाची सापडण्याची शक्यता बरीच आहे.

एसटीचं "वाट पाहीन, पण एसटीनेच जाईन" हे तर मला सगळ्यात आवडतं. त्यात महामंडळ एक शब्द स्वतःबद्दल बोलत नाही. बोलतो तो प्रवासी. पाहीन त्याचं, जाईनही त्याचंच. गाडीला तासभर उशीर झाला की स्टँडवर कुणीतरी तेच वाक्य कुचकटपणे म्हणतं आणि बाकडं हसतं. हसू देत. टोमणा मारायला लोक तुमचं वाक्य वापरतात याचा अर्थ ते त्यांच्या तोंडात आहे. "स्वच्छतेचा ध्यास"वर कुणी विनोद केलेला तुम्ही ऐकलाय?

शाळेत आपण यमकाची व्याख्या शिकलो. चरणाच्या शेवटी किंवा ठरावीक जागी तीच अक्षरं वेगळ्या अर्थाने आली की यमक. उदाहरण म्हणून मोरोपंतांची केकावली: घडो, पडो, झडो, नावडो. पंत (1729–1794) या विद्येतले वस्ताद, त्यांच्याशी तुलना करून कुणाला लाजवायचं नाही. पण 'तीच अक्षरं, वेगळा अर्थ' ही अट दर वर्षी विसर्जनाच्या मिरवणुकीत लाखो लोक पुरी करतात. "गणपती बाप्पा मोरया, पुढच्या वर्षी लवकर या." पहिला 'या' नावाचं शेपूट आहे, दुसरा 'या' आर्जव. यासाठी कुणी स्पर्धा घेतली नव्हती. त्याच मिरवणुकीत "एक दोन तीन चार, गणपतीचा जयजयकार" होतो, तिथे एक-दोन-तीनला कसलाही अर्थ नाही, आणि नकोही आहे. तेवढ्या वेळात छातीत दम भरून घ्यायचा असतो.

अशी अर्ध्या कामाची ओळ आपल्याकडे जुनीच. उखाण्यात दुसरं काय असतं? "भाजीत भाजी मेथीची" म्हटल्यावर मेथीचा नवऱ्याशी काय संबंध, असं कुणी विचारत नाही. प्रीतीपर्यंत पोचायला मेथी लागते, बस. नवऱ्याचं नाव तोंडातून काढणं बाईला शोभत नाही असं मानायचे त्या काळात यमकाने तिला ते भर पंगतीत उच्चारायची सोय करून दिली, ही लहान गोष्ट नव्हे. पत्रिका न्यायला आलेल्या मुली अजूनही काउंटरवर रेंगाळतात आणि हळूच विचारतात, एखादा उखाणा आहे का? एकीच्या होणाऱ्या नवऱ्याचं नाव अथर्व. 'अथर्व'ला जुळेल असं काय आणणार, 'पर्व' आणि 'गर्व'? तिला म्हटलं, नाव शेवटी आणूच नकोस, मध्ये ठेव आणि यमक दिवसावर घे. मग झालं: "दारापुढे मांडव, मांडवाला आंब्याची डहाळी, अथर्वचं नाव घेते लग्नाच्या सकाळी." मुहूर्त संध्याकाळचा होता, पण तेवढं कोण बघतं!

हे सांगायचं कारण, तुमची सगळी घोषवाक्यं नेमकी इथेच मार खातात. तुमच्या अभियानांची नावं पाच-सहा शब्दांची असतात आणि ती वाक्याच्या शेवटी यावीत असा तुमचा हट्ट असतो. शेवटचा शब्द 'अभियान' आला की त्याला जुळायला महान, छान, शान आणि अभिमान एवढंच उरतं. सातवीतल्या मुलीने कितीही डोकं चालवलं तरी ती बिचारी शेवटी 'शान'पाशीच येणार.

एक प्रसंग सांगतो, खातं आणि गाव न सांगता. पावसाळ्याआधी डेंग्यूचे फलक करायचे होते. मजकूर आला तो नेहमीचा, डेंग्यूमुक्तीचा ध्यास वगैरे. घेऊन आलेला आरोग्यसेवक ओळखीचा, चहा मागवला. त्याला विचारलं, लोकांनी नक्की काय करायला हवंय? तो म्हणाला, "धूर मारला की लोकांना वाटतं झालं. धुराने उडते डास मरतात, अळ्यांचं काय? आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी रिकामी करून कोरडी ठेवायला पाहिजेत. आणि नुसतं पाणी ओतून भागत नाही, घासायला पाहिजेत. या डासाची अंडी भांड्याच्या आतल्या कडेला चिकटून बसतात, वाळली तरी कित्येक महिने मरत नाहीत. पुन्हा पाणी भरलं की अळ्या." आमच्याकडे नळ दिवसाआड, त्यामुळे दारोदारी रांजण, पिंप, सिमेंटच्या टाक्या. कागदावर लिहिलं, "रांजण घासा, टाकी झाका." आठला आठ. त्याने दोनदा मोठ्याने म्हटलं, चहा आणणाऱ्या पोराने तिसऱ्यांदा. कागद साहेबांकडे गेला आणि दुसऱ्या दिवशी परत आला. शेरा होता: अभियानाचे नाव नाही, शब्द ग्रामीण वाटतात. मग ध्यासच छापला. बिलही मिळालं, उशिरा का होईना.

शब्द ग्रामीण वाटतात हे खरंच आहे. यमक टिकवतं ते असल्याच शब्दांना. कळसा घेऊन पाण्याला कोण जातं आता? तरी "काखेत कळसा, गावाला वळसा" शहरातली पोरंही म्हणतात. बळी तो कान पिळी, असतील शिते तर जमतील भुते, दिसतं तसं नसतं म्हणून जग फसतं. कुणी पाठ करायला बसलं नव्हतं. एक टोक हाती आलं की दुसरं आपोआप येतं, म्हणून ही वाक्यं छापखान्यांच्या आधीपासून वाहत आली. गणपती बसतात त्या दिवसांत माझ्याकडे आरती संग्रह छापून नेतात खरे, पण आरतीला उभं राहिल्यावर पुस्तकात बघतो तो बहुधा नवा जावईच.

मागे पहिलीच्या पुस्तकातल्या एका कवितेत यमकासाठी परक्या भाषेतले शब्द आणले म्हणून समाजमाध्यमांवर केवढा गदारोळ उठला होता. मला त्या भांडणात पडायचं नाही. "अडगुलं मडगुलं"चा तरी अर्थ कुठे कुणाला सांगता येतो, आणि "येरे येरे पावसा"मध्ये पावसा आणि पैसा तरी कुठे चोख जुळतात. बाळाला ते चालतं. नवल एवढंच वाटलं की पोरांच्या एका पानासाठी इतके लोक भांडले, आणि गावाच्या प्रत्येक भिंतीवर मोठ्यांसाठी लिहिलेल्या निरर्थक यमकाबद्दल हूं की चूं नाही.

यमक एकदा बसलं की हटत नाही, याची दुसरी बाजूही तुम्हीच लक्षात ठेवायला हवी. "ताई, माई, अक्का, विचार करा पक्का" पुढे अमुक चिन्हावर "मारा शिक्का" ही आरोळी प्रचाराच्या रिक्षांतून अजून ऐकू येते. 2004च्या लोकसभेपासून देशभर मतदान यंत्रावर होतं आहे, शिक्का केव्हाच गेला, आता बटण दाबायचं. पण 'अक्का'ला 'बटण' जुळत नाही, म्हणून शिक्का राहिला. इथे बिघडत काही नाही, मतदान केंद्रात गेल्यावर बटण दिसतंच. बिघडतं ते "छडी लागे छमछम, विद्या येई घमघम" मध्ये. शिक्षण हक्क कायदा 2009चा, त्याच्या कलम 17 ने शाळेत मुलाला मारायला मनाई आहे. आणि आमच्या काउंटरवर आजही पालक हसत हसत तेच ऐकवतात, जणू छमछमला घमघम जुळलं म्हणजे सिद्धच झालं. हा नुसता माझा संशय नाही. 2000 साली अमेरिकेतल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला: यमक असलेली वचनं आणि त्याच अर्थाची यमक मोडलेली वचनं लोकांपुढे ठेवली, तर यमकवाली लोकांना जास्त खरी वाटली. मात्र शब्दांची गोडी बाजूला ठेवून नुसतं म्हणणं काय आहे ते बघा, असं आधी सांगितल्यावर तो परिणाम उतरला. तेव्हा, साहेब, परीक्षक म्हणून बसताना हा दुसरा भाग तुम्ही स्वतःवर करा. आधी यमक काढून वाक्य वाचा. जे उरतं ते खरं आहे का, ते कुणी करू शकतं का, त्याने फायदा होतो का? धुराने डेंग्यू पळतो असं सांगणारं एखादं झकास जुळलेलं वाक्य भिंतीवर गेलं, तर ते पुसायला तुमच्या पुढच्या कितीतरी बदल्या उलटून जातील.

यमक नसेल तर अडतं असंही नाही. 2020 मध्ये "माझे कुटुंब, माझी जबाबदारी" घरोघरी पोचलं. त्यात यमक शोधून सापडत नाही, 'माझे'-'माझी' हेच काम करून गेलं. म्हणून जाहिरातीतली 'यमक जुळणारे असावे' ही अट काढून टाका. जुळायचं असेल तिथे ते जुळेल. अभियानाचं नाव घालायची अट तर आधी काढा.

निवडताना प्रवेशिका वाचू नका, ऐका. एखाद्या मोठ्या आवाजाच्या शिपायाला सगळ्या एकदाच म्हणायला सांगा, मग जेवून या, आणि कागद न बघता जेवढ्या आठवतील तेवढ्याच पुढे न्या. परीक्षक म्हणून प्राध्यापक असू देत एखादा, पण त्याच्या शेजारी अंगणवाडी सेविका बसवा, एसटीचा कंडक्टर बसवा. कीर्तनकार मिळाला तर फारच उत्तम. देवघरातल्या अभंगात यमक कुठे पडतं ते त्याला विचारा: "उभे विटेवरी, कर कटावरी", मधल्या दोन चरणांत, आणि शेवटचा चार अक्षरांचा चरण मोकळा सोडलेला. ओवीत पहिले तीन जुळतात आणि चौथा तोकडा. प्रत्येक वेळी शेवटच्या शब्दाचीच मान पिरगाळायची गरज नसते, हे या मातीत सातशे वर्षांपासून ठाऊक आहे.

आणि ज्या गावांत घराघरांत मराठी बोलत नाहीत तिथे ही यमकं पाठवूच नका. नंदुरबारच्या पावरी-भिलोरी बोलणाऱ्या पाड्यांवर, मेळघाटात कोरकूंच्या गावांत, भामरागडकडे माडियांच्या घरांवर मराठीतला ध्यास-श्वास रंगवून काय साधतं? तिथल्या बायकांना त्यांच्या बोलीत करायला सांगा. त्या लिहू शकणार नाहीत अशी भीती असेल तर हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी सहकाऱ्यांसह गोळा केलेल्या जात्यावरच्या ओव्या बघा, एक लाखावर आहेत. ज्या बायांनी त्या रचल्या आणि गायल्या त्यांतल्या कितीतरींना अक्षरओळख नव्हती. यमक चुकलेलं सापडलं तर मला दाखवा.

एक शेवटची मागणी धंद्यातल्या माणसाची म्हणून. ज्याचं वाक्य निवडाल त्याचं नाव भिंतीवर वाक्याखाली लिहा. मंत्रीमहोदयांचा फोटो फलकावर निम्मी जागा घेतो, तिथे एका ओळीची जागा निघेल. आणि बक्षीस म्हणून नुसतं प्रमाणपत्र देऊ नका, ती प्रमाणपत्रं मीच छापतो, कागद कसला असतो ते मला माहीत आहे.

डेंग्यूच्या फलकांचा मजकूर मे महिन्यात येतो. रांजण-टाकीचं वाक्य कुणाला हवं असेल तर खुशाल घ्या, विचारायची गरज नाही. अभियानाचं पूर्ण नाव टाकणं भागच असेल तर ते फलकाच्या मागच्या बाजूला टाकू. दोन्ही बाजूंच्या छपाईचा दर वेगळा आहे, पण तेवढं सांभाळून घेईन.

आपला,
एक छापखानेवाला